फाटकातल्या हौसाकाकू

शाळा सुटायची घंटा होण्याआधी हौसाकाकू फाटकात हजर असायच्या. पदर खोचलेला, खिचडीची पातेली घासून हात अजून ओले, आणि एक हात आडवा करून खांबाला टेकवलेला. पहिली-दुसरीची मुलं भिंतीला पाठ लावून ओळीत उभी राहायची. बाहेर कुणाची आई, कुणाचे आजोबा दिसले की काकू त्या मुलाचं नाव पुकारायच्या आणि मगच हात वर करायच्या. "तोंड दिसल्याबिगर पोर सोडायचं न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमची शाळा सांगवीच्या बाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून फाटकासमोरून जातात, आणि आमची पोरं घंटा झाली की थेट रस्त्यावर. आम्ही शिक्षक ओरडून थकलो होतो. काकू शाळेत खिचडी शिजवायच्या. पोरांना आवरणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पण मुलीच्या बाळंतपणासाठी त्या इंग्लंडला जाऊन आल्या आणि येताना ही पोरांची ओळ घेऊन आल्या.

तिथल्या नातीच्या, ईशाच्या शाळेबद्दल त्या तांदूळ निवडता निवडता सांगायच्या. पोरांचे कोट अडकवायला खुंट्या, प्रत्येक खुंटीवर वेगळं चित्र. पाऊस भुरभुरत असला तरी मधल्या सुट्टीत सगळ्यांना मैदानात काढायचं. बाईंना नुसतं 'मिस' म्हणायचं. हे सगळं त्यांना पटलं होतं. पटली नव्हती ती एकच गोष्ट. "डब्यातला घास दुसऱ्याला द्यायचा न्हाय म्हणं. कुणाला शेंगदाणा बाधतो, कुणाला अंडं. आसंल बाई. पण पोरानं एकट्यानं खायाचं म्हंजी काय खाणं झालं?"

ओळीची गोष्ट मात्र त्यांनी आम्हाला बऱ्याच दिवसांनी सांगितली. मुलगी बाळंत होऊन दवाखान्यात आणि जावई तिच्यापाशी, म्हणून ईशाला आणायला काकू एकट्याच गेल्या. शाळेत कळवायचं गडबडीत राहून गेलेलं. ईशा ओळीतून आजी, आजी म्हणून हाका मारतेय आणि मिस काही तिचा हात सोडेना. हसून काहीतरी बोलली, फोन लावत राहिली, आणि काकू थंडीत नऊवारीवर जावयाचा कोट घालून सगळ्यांदेखत उभ्या. जावई धावत आला तेव्हा पोरगी मिळाली. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. सख्ख्या आजीला चोर ठरवलं, मला परत गावाला पाठवा, म्हणाल्या.

जावयानं दुसऱ्या दिवशी नेऊन ओळख करून दिली. तेव्हापासून मिस रोज दारातून त्यांना शोधायची, मान हलवायची आणि ईशाचा हात सोडायची. "बाई, तेवढ्या गर्दीत ती माझं तोंड हुडकायची," काकू म्हणाल्या, "लई बरं वाटायचं. परक्या मुलखात आपल्याला कुणीतरी वळखतंय."

गावात त्यांना सगळे लंडनवाल्या काकू म्हणून चिडवायचे. आधी आम्हीही त्यात होतो. एकदा दुसरीतल्या स्वराला न्यायला कुणी पाहुणा चकचकीत गाडीतून आला. कडक इस्त्री, काळा चष्मा. स्वरा त्याला बघून भिंतीपासून हलेना. काकूंनी हात वर केला नाही. मुख्याध्यापक मध्ये पडले, पाहुण्याचा आवाज चढला.

"मी सख्खा चुलता हाय तिचा. पुण्याला आसतो म्हणून वळख न्हाय पोरीला."

"आसशील की. मीबी सख्खी आजीच हुते," काकू म्हणाल्या. "बस हितं. आईला निरोप धाडलाय."

स्वराची आई रानातून येईपर्यंत तो कट्ट्यावर बसून राहिला. खरोखरच चुलता निघाला. पण तोवर काकूंनी त्याला चहा पाजला होता, आपल्यालाही असंच कसं थंडीत उभं केलं होतं ते सांगितलं होतं, आणि जाताना तो काकूंच्या पाया पडून गेला. त्यानंतर चिडवणं बंद झालं.

मागच्या हंगामात काकू आजारी पडल्या. बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. कळल्यावर मला राहवेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गेले. काकू अगदी वाळल्या होत्या. बराच वेळ डोळे मिटून पडल्या होत्या. मग उघडले, मला ओळखलं. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि चेहराच बदलला. शाळा सुटायची वेळ झाली होती.

"बाई, तुमी हितं?" त्या म्हणाल्या. "मग दारात कोण हाय?"

मुख्याध्यापक सर उभे आहेत, मी सांगितलं. ते खरंच उभे होते. तरी काकूंचं समाधान झालं नाही. "त्येंना समदी तोंडं म्हाईत न्हाईत," म्हणाल्या आणि मला जायला लावलं. आमचं तेच शेवटचं बोलणं.

आता घंटा होण्याआधी फाटकात मी असते. हात खांबाला टेकवलेला. बाहेरची सगळी तोंडं मला आता पाठ आहेत. तरी शेवटचं पोर गेल्यावरही मी थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहते.