बावीस अंशांत सासरे

माझे सासरे निवृत्त आरटीओ निरीक्षक. आयुष्यभर त्यांनी गाड्या पास-नापास केल्या. जावई एकच तपासला आणि तोही, मला कायम वाटत आलंय, काठावर पास केला. म्हणून ते पहिल्यांदा नेदरलँड्सला, आमच्या हूफडॉर्प गावी आले तेव्हा निदान माझी अमेरिकन इलेक्ट्रिक सेदान तरी त्यांच्याकडून चांगली पास करून घ्यायची, असं मी ठरवलं होतं.

सुरुवातच वाईट झाली. विमानतळावर त्यांना दाराची मूठ सापडेना. "तुटली वाटतं," ते म्हणाले. ती दारातच बसवलेली असते, दाबली की बाहेर येते, हे मी दाखवलं. घरी आल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिनाच्या जागी मोकळा खण आणि त्यात आमची बटाट्यांची पिशवी. ते बराच वेळ बटाट्यांकडे बघत राहिले.

"किती सीसी?"

बॅटरी, मोटर, काचेचं छप्पर, वेग कमी होताना बॅटरीत परत जाणारी वीज, सगळं मी जीव तोडून सांगितलं. त्यांनी फक्त "हं" केलं.

शनिवारी आम्ही दोघं सुपरमार्केटला गेलो. बाहेर बोचरा वारा. "मी गाडीतच बसतो," ते म्हणाले. पण या गाडीची किल्ली म्हणजे माझा फोन. तो घेऊन मी लांब गेलो की हीटर बंद. अमेरिकन इंजिनिअरांनी त्यावरही उपाय केलाय. कुत्र्याला गाडीत ठेवून जाणाऱ्यांसाठी स्क्रीनवर एक बटण आहे, त्याने हीटर चालू राहतो. मी घाईत ते दाबलं. माणसांसाठी वेगळं बटण अगदी शेजारी होतं.

कोथिंबीर घेऊन परत आलो तर गाडीभोवती घोळका. सायकल धरून उभी असलेली एक डच आजी काचेला नाक लावून "आख, वाट लीफ!" म्हणत होती, म्हणजे "किती गोड!" आत मफलर गुंडाळून सासरे ताठ बसलेले, सगळ्यांना हात करत होते. त्यांच्या बाजूच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर एक कार्टून कुत्रा शेपूट हलवत होता आणि खाली ठळक इंग्रजीत लिहिलं होतं: 'काळजी नको. माझे मालक लवकरच येतील. आत बावीस अंश आहेत.'

मी कसाबसा आत शिरलो. "बाबा, चुकलं माझं. ते कुत्र्याचं..."

"वाचलंय मी. तीस वर्षं इंग्रजीतच रिपोर्ट लिहिलेत, जावईबापू." त्यांनी चष्मा पुसला. "गाडी बावीस म्हणाली आणि बावीसच ठेवलं. एक जण तर मी आत अडकलोय समजून काच फोडायच्या बेतात आला होता, वाचून निमूट गेला. अशी सोय उभ्या नोकरीत पाहिली नाही. गाडी पास."

माझ्या जिवात जीव आला.

"मालक नापास. लवकरच येतील म्हणे! एका कोथिंबिरीला एवढा वेळ?"

पुढच्या शनिवारी मी आठवणीने माणसांचं बटण दाबलं. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ते नको. कुत्राच लावा, लोक बोलायला येतात. आणि लवकर या. फेरपरीक्षा आहे तुमची."

मी पळत सुटलो.