मग तो कोणीही असो

हैदराबादेत काचीगुडा स्टेशनामागच्या गल्लीत एकनाथराव उदगीरकरांचं घर कुठं म्हणून कुणी विचारलं, तर लोक आधी विचारणाऱ्याकडे दयेनं बघत. विचारणारा बहुधा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असे. काखेत कागदाची गुंडाळी, आणि बरोबर त्याचा बाप, मिनतवाऱ्या करायला आणलेला. एकनाथराव दारातच उभे राहून सगळं ऐकून घेत. पाणीसुद्धा विचारत नसत. शेवटी म्हणत, "हॉलमधलं हॉलमध्ये. घरी मी कुणाचा सर नाही." मग दार लागे, आणि बाप-लेक आल्या पावली परत जात.

विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते ड्रॉइंग इन्स्ट्रक्टर होते. पद तसं लोंबकळतं. वर प्राध्यापक, खाली अटेंडर, आणि मध्ये हे. प्राध्यापक त्यांना चहाला बोलवत नसत आणि अटेंडरांबरोबर चहा प्यायला ते जात नसत. पण ड्रॉइंग हॉलचा उंबरठा ओलांडला की गोष्ट वेगळी. निजामाचं राज्य गेलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. स्वतःचं मात्र त्यांनी शाबूत ठेवलं होतं. हॉलमध्ये हसायचं नाही. पेन्सिल दातात धरायची नाही. रबराचा कीस फुंकून उडवायचा नाही, रुमालानं टिपायचा. उशिरा आलेल्यानं स्टूल घ्यायचं नाही, तास संपेपर्यंत उभ्यानं काढायचं.

आणि तारे. हे त्यांचं खास काम. हॉस्टेलातली पोरं काय करत, तर दोन खुर्च्यांवर काच ठेवून खाली बल्ब लावत, काचेवर मित्राची तयार शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि खालून दिसणाऱ्या रेघा गिरवून मोकळे होत. वर्तुळं प्लॅस्टिकच्या साच्यातून उरकत. कंपास लावत बसतो कोण? एकनाथरावांनी ही चोरी पकडायची सोपी युक्ती काढली होती. जमा झालेली प्रत्येक शीट ते पूर्वेच्या खिडकीत उजेडावर धरत. कंपासनं काढलेली असेल तर जिथं जिथं टोक रोवलं तिथं बारीक भोक पडलेलं असायचं, आणि त्यातून उजेडाचा ठिपका चमकायचा. ठिपके दिसले तर शीट खरी. नाही दिसले तर तिचे चार तुकडे, तिथंच, सगळ्यांसमोर. "सर तारे देखरे," म्हणून पोरं एकमेकांना कोपरं मारत आणि आपापल्या देवाचं नाव घेत. फाटण्याचा आवाज एकनाथरावांना आवडत असे. उगाच कशाला झाकायचं, मनापासून आवडत असे.

त्यांना हवं होतं ते एकच. देशाची दारं उघडली म्हणून पेपर भरून येत होते, परदेशी माल यायला लागला होता, आणि कॉलेजात नवी डिझाइन लॅबोरेटरी होणार होती. वातानुकूलित खोली, काचेचं दार, रांगेनं संगणक, आणि कागदावर आपोआप रेघा ओढणारं यंत्र. त्या खोलीला एक सुपरिंटेंडेंट लागणार होता, आणि सुपरिंटेंडेंटला गोल फिरणारी खुर्ची. एकनाथरावांनी सगळी नोकरी स्टुलावर काढली होती. ते बायकोला, सरोजला, म्हणाले, "त्या खुर्चीवरनं रिटायर व्हायचं. बस, दुसरं काही मागणं नाही." देवापुढं हात जोडतानाही त्यांच्या डोळ्यांपुढं ती खुर्चीच असे.

खुर्ची द्यायची कुणाला हे डॉक्टर सबनीसांच्या हातात होतं. सबनीस मूळचे पुण्याचे, अमेरिकेत राहून आलेले, विभागाचे नवे प्रमुख. सदा हसतमुख. हसतमुख माणसाची भीती कशी बाळगायची हे एकनाथरावांना ठाऊक नव्हतं, कारण ते स्वतः कधी हसले नव्हते.

त्याच वर्षी त्यांची मुलगी हर्षदा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. हॉलमध्ये ती त्यांना बाबा म्हणत नसे, सर म्हणत असे. हा नियमही त्यांचाच.

सबमिशनच्या दिवशी सबनीस हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. खिशात हात, मान जराशी कललेली. कुठली माणसं कामाची हे ते बघत होते, आणि एकनाथरावांनाही ते कळत होतं. त्या दिवशी त्यांनी शीटी जास्तच उंच धरल्या. दोन पोरांच्या फाडल्या. मग हर्षदाची आली. सुबक, एक रेघ जाड-बारीक नाही. त्यांनी ती खिडकीत धरली. एकही तारा नव्हता.

"भोकं कुठंयत?"

"सर, चकती वापरली होती," हर्षदा हळूच म्हणाली.

एकनाथरावांना त्याच क्षणी सगळं कळलं. त्यांचे वडील, आबा, निजामाच्या काळात मोजणी खात्यात नकाशे काढत. नकाशाला भोक पडणं त्यांना खपत नसे. त्यांच्या पेटीत शिंगाची एक पातळ, आरपार दिसणारी चकती होती. ती मध्यबिंदूवर ठेवायची आणि कंपासचं टोक तिच्यावर टेकवायचं, म्हणजे कागदाला जखम होत नाही. भोक पडलं म्हणून लहानग्या एकनाथनं आबांच्या हातची फूटपट्टी बोटांवर खाल्ली होती. ती पेटी त्यांनी स्वतःच हर्षदाला दिली होती, इंजिनिअरिंगला नंबर लागला त्या दिवशी. चकती बोटावर ठेवून, डोळे ओले करून म्हणाले होते, "आबांची आहे, बेटा. जपून वापर."

शीट त्यांच्या हातात थांबली. त्यांनी दाराकडे पाहिलं. सबनीसांनी भुवई थोडीशी वर केली, बाप आता काय करतो ते बघायला.

त्यांनी शीट फाडली. आधी उभी, मग आडवी.

"चोर घरचा असला म्हणून काय झालं?" ते मोठ्यानं म्हणाले. "इथं नियम म्हणजे नियम. मग तो कोणीही असो."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हर्षदानं खाली वाकून तुकडे उचलले, एकावर एक ठेवले आणि जागेवर जाऊन बसली. सबनीस पुढं आले, एकनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "कमाल आहे तुमची, एकनाथराव. आमच्या लॅबला असाच माणूस पाहिजे." तो हात खांद्यावर पडला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की लेकीकडे बघायचं राहूनच गेलं.

रात्री जेवताना सरोजनं विचारलं, "अहो, चकती तुम्हीच दिली होती ना तिला?"

"हौ."

"मग?"

"मग काय? सगळे बघत होते." त्यांनी वरणाची वाटी पुढं केली. "शीट काय, पुन्हा काढता येते. अशी संधी पुन्हा येते का?"

सरोजनं वरण वाढलं. तूप वाढायचं ती विसरली, की तिनं मुद्दाम वाढलं नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

हर्षदा रडली नाही, भांडली नाही. आबांची पेटी तिनं बापाच्या कपाटात नेऊन ठेवली आणि बाजारातला साधा कंपास आणून शीट पुन्हा काढली. या खेपेला लागलं तिथंही आणि नाही लागलं तिथंही टोक दाबून रोवलं. खिडकीत धरली तेव्हा शीट चाळणीसारखी दिसत होती. एकनाथरावांनी लाल पेन्सिलीनं 'बरोबर' केलं आणि पुढची उचलली. त्यानंतर तिनं घरात पेन्सिल हातात धरली नाही. कॉलेज सुटलं की बस पकडून दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासला जायची आणि दिवेलागण झाल्यावर परतायची. बापाशी बोलायची, नाही असं नाही. "दूधवाला आला होता." "गॅस संपलाय." असं.

इकडे सबनीसांनी एकनाथरावांना नव्या लॅबचे नियम लिहायला सांगितले. त्यांनी ते असे लिहिले, जसं कुणी लेकीची लग्नपत्रिका लिहावी. मोठ्या फळ्यावर, स्वतःच्या वळणदार अक्षरात. बाहेरच्या चपला आत न्यायच्या नाहीत, दाराशी ठेवून लॅबच्या सपाता घालायच्या. ओळखपत्र पूर्ण वाचून घेतल्याशिवाय कुणालाही सपाता द्यायच्या नाहीत. आणि उनाड पोरं थंड हवा खायला घुसू नयेत म्हणून खास कलम: ज्याला संगणकावर स्वतःच्या हातानं एक वर्तुळ काढता येत नाही, त्याला आत प्रवेश नाही, मग तो कोणीही असो. शेवटचे शब्द त्यांनी दुहेरी रेघेनं अधोरेखित केले. त्या 'कोणीही'मध्ये आपण धरलेलो असू हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आजवर कुठल्याच नियमानं त्यांना धरलं नव्हतं.

"हर्षूकडनं शिकून घ्या की थोडं," सरोज म्हणाली. "लई हुशार झालीय म्हणे त्यात."

"पोरीपुढं बसू? नक्को. खुर्चीवर बसायला काय शिकायचं असतं?"

खरं कारण वेगळं होतं. तिच्यापुढं बसायचं तर आधी त्या शीटबद्दल काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत त्यांच्या अंगात नव्हती. भित्रा माणूस होता. पोरांना फाडून खाणारी माणसं पुष्कळदा भित्रीच असतात.

पुढच्या वर्षी, लॅब सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, सबनीसांनी सगळ्या स्टाफला आत बोलावलं. सोबत हर्षदा होती. आत येणाऱ्यांचं वर्तुळ तपासायला त्यांनी तिची निवड केली होती, कारण ते सॉफ्टवेअर तिच्याइतकं अख्ख्या कॉलेजात कुणाला येत नव्हतं. सबनीस हसत म्हणाले, "नियम एकनाथरावांचा आहे, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच. एकच वर्तुळ. आपली एक गंमत."

एकनाथराव खुर्चीवर बसले. ती गोल फिरणारीच होती. बसताच थोडी फिरली, आणि त्यांनी टेबल घट्ट धरलं. मग माऊस उचलला, चक्क उचलला, आणि हवेत फिरवला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. कुणीतरी सांगितल्यावर तो टेबलावर टेकवून ढकलला, तर बाण कोपऱ्यात पळाला आणि दिसेनासा झाला. ज्या हातानं उभ्या जन्मात एक वर्तुळ वाकडं काढलं नव्हतं त्या हाताला तो बाण सापडेना. त्या गार खोलीत त्यांची कॉलर घामानं भिजली. बरंच झटून पडद्यावर एक लहानशी, अर्धवट कमान उमटली.

सबनीसांचा चेहरा मजेत होता. "हर्षदा, तूच सांग. करायचं पास?"

एकनाथरावांनी मान वळवली. शीट फाडल्या दिवसापासून आज पहिल्यांदा ते लेकीच्या डोळ्यांत बघत होते. त्या बघण्यात काय होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तिला तर कळलंच. एक 'हो' पुरेसा होता. सबनीसांनी हसून सोडून दिलं असतं, खुर्ची त्यांची झाली असती.

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नाही सर. वर्तुळ पूर्ण नाही झालेलं."

ती 'सर' सबनीसांना म्हणाली की बापाला, ते कळलं नाही. हसणारे हसले. सबनीसांनी पुन्हा एकनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला, तसाच. "हरकत नाही. शिस्तीत तुमचा हात कोण धरणार? दाराबाहेर तुम्हीच हवेत."

अशा रीतीनं एकनाथराव उदगीरकर लॅबच्या काचेच्या दाराबाहेर, चपलांच्या मांडणीशेजारी बसू लागले. बसायला स्टूल होतं. ड्रॉइंग हॉलमधलंच आणलं होतं.

पहिल्या दिवशी पोरांची रांग लागली. ज्यांच्या शीटी फाडल्या होत्या तीच ही पोरं. चपला मुद्दाम फेकत होती, एक इकडे, एक तिकडे, आणि एकनाथराव वाकून जोड लावत होते. प्रत्येकाचं ओळखपत्र हातात घेऊन मोठ्यानं वाचत होते, नाव, शाखा, वर्ष, वडिलांचं नाव. तेवढं एक त्यांच्या हातात उरलं होतं, म्हणून आवाज अजून खणखणीत होता.

हर्षदा आली. तिनं चपला काढल्या, सरळ जोडून ठेवल्या आणि ओळखपत्र पुढं धरलं. एकनाथरावांनी पत्राकडे न बघताच सपाता तिच्या पायांशी सरकवल्या.

"जा, बेटा," ते पुटपुटले. "तुझं काय वाचायचं?"

ती हलली नाही. सपातांत पायही घातले नाहीत. मागची रांग गप्प झाली, ड्रॉइंग हॉलमध्ये व्हायची तशीच.

"सर, वाचल्याशिवाय द्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "मग तो कोणीही असो."

आवाज चढलेला नव्हता. दूधवाला आला होता हे ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात तिनं सांगितलं. एकनाथरावांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. नाव, हर्षदा उदगीरकर. शाखा, यंत्र. वर्ष, दुसरं. तिथं ते थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "जोर से, सर." त्यांनी वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं. मग तिनं कार्ड परत घेतलं, सपाता घातल्या आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशीही ती रांगेत तशीच उभी राहिली, कार्ड धरून. तिसऱ्या दिवशीही. एकनाथराव निवृत्त होईपर्यंत तिनं एकदाही न वाचता सपाता घेतल्या नाहीत, आणि त्यांनीही परत कधी 'तुझं काय वाचायचं?' म्हटलं नाही.