आत्या, पालक आणि बत्तीस कपडे

माझी आत्या लाँड्री चालवते आणि कपड्यांना नंबराची चिठ्ठी लावत नाही. कॉलरची घडी, बटणाचा दोरा, कोपराला आलेली चमक बघून ती कपडा कुणाचा ते सांगते. "चिठ्ठ्या लावायला मी काय आंधळी आहे?" तीस वर्षं दुकान असंच चाललं, आणि तिचा तोराही.

मग चुका व्हायला लागल्या. दाताच्या डॉक्टरांचा कोट खाटकाकडे गेला आणि खाटकाचा एप्रन दवाखान्यात. गल्ली पोट धरून हसली. आत्या मात्र शटर ओढून आतच बसून राहिली. बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, म्हणाले, "ताई, आता पुरे. दुकान देऊन टाकू." दुकानाखेरीज आत्याला दुसरं आहे काय? मला बाबांचा भयंकर राग आला.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दिवसभर खाता काय?"

"चहा-बिस्किट. इस्त्री गरम असताना जेवायला कोण उठणार?"

रक्त तपासलं, तर फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाने तळ गाठलेला. पालेभाज्या, डाळी, शेंगा यांत ते असतं. फार कमी पडलं की डोकंही कुरकुर करतं. "विसरण्याची कारणं शंभर असतात, आणि पालक म्हणजे जादू नाही," बाई म्हणाल्या. "पण आधी हे भरून काढू." गोळ्या दिल्या, वर रोजचं ताटही लिहून दिलं: हिरवा पाला, मसूर किंवा राजमा, एक संत्रं, चार अक्रोड.

आत्याचं सगळंच टोकाचं. पहिल्या आठवड्यात तिने इतका पालक आणला की मी विचारलं, "आत्या, गोठा काढतेयस का?" पण दुपारी एकला इस्त्री बंद करून ती जेवायला बसू लागली. दारात गिऱ्हाईक आलं तर त्याने थांबायचं, नाहीतर समोर बसून जेवायचं.

चार महिन्यांनी रक्त सुधारलं. बाबांचं समाधान कुठे होतंय! रविवारी त्यांनी धुतलेले बत्तीस कपडे एका ढिगात कालवले. "ओळख. चुकलीस तर दुकान बंद." कुणी काय आणलं त्याची यादी माझ्या हातात होती.

आत्या एकेक उचलत गेली. "वकीलबाई. बेकरीवाला, शिवणीत पीठ आहे बघ. हा थोरल्याचा, पण घालतो धाकटा." एकतीस बरोबर! शेवटचा निळ्या चौकड्यांचा शर्ट तिने उलटापालटा केला. "हा तुझा," ती बाबांना म्हणाली.

यादीत होतं, शाळेतले मास्तर.

"चुकलीस!" बाबा ओरडले. "मास्तरांनी आणलाय तो."

"आणला त्यांनी, पण आहे तुझा. खांद्याला मीच टाके घातलेत. माझ्याच हातून अदलाबदल झाली असणार. त्यांचा, अगदी असाच, तुझ्या अंगात आहे."

बाबांनी मान वाकवली. त्यांच्या खिशावर लाल शाईचा डाग होता, आणि बाबांनी जन्मात लाल पेन हातात धरलेलं नाही.

"शर्ट काढ," आत्या म्हणाली, "आणि उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर जेवायला येत जा."