उजनीच्या वाळूतलं पोतं

मोटारीत पुढच्या सीटवर कोणी बसावं, याबद्दल आपल्या समाजात काही संकेत आहेत. वय, नातं, गुडघ्यांची अवस्था आणि उलटी होण्याची शक्यता, या क्रमाने ते ठरतं. चारही कसोट्यांवर पहिली आलेली असूनही सोलापूर ते उजनीचा काठ हा अख्खा प्रवास मी मागच्या सीटवर, कडक भाकरीचा डबा मांडीवर घेऊन केला. पुढे होडी बसली होती. रबराची, हवा काढून घडी घातलेली, पिशवीतली होडी. तिच्या वजनाने गाडी पीं पीं करायला लागली, तेव्हा माझ्या दिरांनी, अनिलभाऊजींनी, तिला बेल्टही लावला. माझा बेल्ट सीटच्या फटीत हरवला होता. त्याची चौकशी कुणी केली नाही.

भाऊजी चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. सुट्टीच्या दिवशी ते झोपत नाहीत, व्हिडिओ बघतात. त्यातूनच ही होडी ऑनलाइन आली, आणि तिच्यामागून एक नारिंगी नांगर आला. हातभर लांब, पिळाचा, वाळूत फिरवत घालायचा. मोहोळपर्यंत मला त्यावर व्याख्यान ऐकावं लागलं. काठावर झाड नसतं. खुंटी ठोकली तर होडी हिसके देऊन ती उपटते. म्हणून वाळूत काहीतरी खोल पुरायचं आणि त्याला दोरी बांधायची. “वहिनी, सगळा खेळ वाळूच्या वजनाचा आहे,” ते म्हणाले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. आम्ही दोघांनी ठेवलं नाही.

आमचे हे आले नाहीत. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी येणार होतं, आणि पाण्याच्या दिवशी घर सोडणारा माणूस सोलापुरात एक तर नवखा असतो, नाहीतर बेजबाबदार. कुणीतरी मागे राहून पिंप भरणं भाग होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. उन्हं चढायच्या आत निघा. पुण्याचा महामार्ग टेंभुर्णीपर्यंत लोण्यासारखा आहे, टोल त्याच मानाने. तिथून करमाळ्याच्या बाजूला वळलात की उसाच्या ट्रॉल्या लागतात आणि त्या कुणालाही पुढे जाऊ देत नाहीत. चहा मोहोळला घ्या. बायकांनी पाणी मात्र बेताने प्यावं. ढाबे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मागच्या दाराआड जे असतं त्याला स्वच्छतागृह म्हणणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे.

शेवटचा रस्ता कच्चा. बाभळींची एक रांग संपली आणि पाणी दिसलं. नजर पोचेपर्यंत पाणी. मी गाडीतून उतरले आणि मला रागच आला. हेच पाणी ना आमच्या नळाचं? इथे एवढं पसरून बसतं आणि आमच्याकडे येताना वाटेत कुठे मुक्काम करत राहतं? रोहित पक्षी गुलाबी पाय बुडवून त्यात उभे होते, पाण्याचा दिवस कोणता याची त्यांना काळजी नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी मागे सरतं आणि भीमेची जुनी वाळू उघडी पडते. छान पट्टा होता, पण आमच्याआधी मोठमोठ्या कॅमेऱ्यांची मंडळी येऊन गेलेली. वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, अर्धवट खाल्लेला केक. पक्ष्याच्या डोळ्यातली चमक टिपणाऱ्यांना पायाखालचा द्रोण दिसत नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. मग आणखी बरंच म्हणाले. नागरिकशास्त्र हा विषय मला नेहमीच प्रिय होता.

भाऊजींवर त्याचा नको तेवढा परिणाम झाला. आपली होडी फुगवून त्यांनी नारिंगी नांगराला बांधली आणि डिकीतून कचऱ्याची काळी पिशवी काढली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. मी पिशवीचं तोंड धरलं, ते वेचत चालले. एका जागी वाळूतून खताच्या पांढऱ्या पोत्याचा कोपरा वर आला होता. त्यांनी ओढलं, हलेना. उकरलं, तर आत गच्च वाळू. “बघा, लोक काय काय गाडून जातात,” मी म्हणाले. त्यांनी खिशातला चाकू काढला, पोतं उभं चिरलं, वाळू सांडली, पोत्याच्या कमरेची विटकी दोरी सैल होऊन गळून पडली. रिकामं पोतं माझ्या पिशवीत आलं. दोरीचं दुसरं टोक वाळूखालून पाण्याकडे गेलं होतं. ते कुठवर जातं, हे बघायची आम्हाला गरज वाटली नाही. फोटो छान आला.

भाकरी, शेंगाचटणी, दही असं घेऊन जेवायला बसलो. दुपारी वारं सुटलं. काठाला नाक टेकवून उभी असलेली एक लाकडी होडी हळूच मागे सरकली आणि निघाली. तिच्यामागे ती विटकी दोरी वाळूतून सरसर सुटत गेली. भाऊजींच्या हातातला घास तसाच राहिला.

वरच्या वस्तीवरून एक बाई पळत आली. ती मालन, होडी तिची. सकाळची फेरी करून जेवायला घरी गेली होती. तिने होडीकडे पाहिलं, उकरलेल्या खड्ड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“हितलं पोतं कुणी काडलं?”

आम्हाला तो कचरा वाटला, असं भाऊजी चाचरत म्हणाले. आणि मग, देवाने त्यांना एवढं शिक्षण का दिलं कोण जाणे, पुढे म्हणाले, “काहीतरी बोर्ड लावायला हवा ना.”

“बोर्ड? दोरी हाय की त्याला. तुमच्या तितं म्हशीच्या दाव्याला बोर्ड असतोय व्हय?”

जाळी सगळी होडीतच होती. नवरा दुसऱ्या होडीवर पाहुणे घेऊन लांब गेलेला, बाकीच्या होड्याही तिकडेच. पाण्यात मध्यावर जुन्या बुडालेल्या बाभळींचे शेंडे उभे होते. त्यांच्या पलीकडे गेली तर होडी पार तिकडच्या काठाला, दगडांवर जाणार, एवढं मालनने सांगितलं आणि ती आमच्या रबरी होडीत शिरली. “ही पिशवी बुडत न्हाय न्हवं?” भाऊजींनी एकुलतं एक लाइफ जॅकेट तिला दिलं आणि स्वतः तसेच बसले. दिवसभरातला हा त्यांचा पहिला शहाणपणा.

मी काठावर. शेजारी कॅमेरेवाल्यांची नवी तुकडी येऊन ठेपली होती. पक्षी सोडून सगळी भिंगं आता वाहत्या होडीवर. त्यांच्यातले एक गृहस्थ, टोपीला गळपट्टा लावलेले, म्हणाले, “या लोकांना होड्या नीट बांधायची शिस्तच नाही.” वाक्य ओळखीचं वाटलं. सूर तर माझाच होता.

“नीटच बांधली होती,” मी म्हणाले. “आम्ही सोडली.”

त्यांनी भिंग पुन्हा रोहितांकडे वळवलं.

होडी बाभळीच्या शेंड्यात अडकली आणि मालनने तिची कड धरली. त्याच बाभळीने आमच्या रबरी होडीला काटा दिला. परत येताना मालन आपली लाकडी होडी वल्हवत होती आणि भाऊजी पुढ्यात मांडीवर आपली चपटी होडी घेऊन बसले होते. बेल्ट नव्हता.

चिरलेलं पोतं आता निकामी होतं. मालन ज्या गोणपाटाच्या पोत्याची घडी करून होडीतल्या फळीवर बसायची, तेच तिने उचललं. आम्ही दोघींनी त्यात वाळू भरली, मध्ये कमरेला दोरी आवळली. भाऊजींनी मुकाट्याने मांडीएवढा खड्डा खणला. पोतं आडवं निजवलं, वर वाळू ओढली. मग ती तुडवायची. मी जपून पाय टाकत होते. “नाचा अक्का, लगीन हाय समजा,” मालन म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. भाऊजींनी नोट पुढे केली, तर तिने हात मागे घेतला.

“पैसं काय बुडाखाली घालू व्हय? माजं पोतं गेलं की.”

संध्याकाळी ती जाळी टाकायला निघाली तेव्हा उघड्या फळीवर बसली होती. आम्ही गाडीतून तेवढं पाहिलं.

घरी सगळी पिंपं, घागरी, पातेली भरलेली होती आणि हे विजयी मुद्रेने झोपले होते. ग्रुपवर आमचा फोटो आला होता: ‘उजनी स्वच्छता मोहीम’, पिशवीचं तोंड धरून मी. खाली अंगठेच अंगठे. मी भाऊजींना फोन करून तो काढायला लावला. त्यांनी काढला, पण अंगठे देणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणाले. तुम्ही उजनीला जरूर जा. कचरा उचला, तोही जरूर. फक्त कशाला दोरी आहे का, तेवढं आधी बघा.

आमची वर्षाची ज्वारी मंगळवेढ्याहून येते, गोणपाटाच्या पोत्यात. त्यातलं एक मी परवा डब्यांत रिकामं केलं, गच्चीवर झटकलं, उसवलेला कोपरा सुतळीने दुहेरी शिवला. आमच्या गल्लीतल्या कंडक्टरची गाडी त्या वस्तीपर्यंत जाते. त्याच्याकडे दिलं, काठावरच्या मालनला द्यायला सांगितलं.

“नुसतं रिकामं पोतं?” त्याने विचारलं.

“हो,” म्हटलं. “वाळू तिच्याकडे आहे.”