आईच्या खुब्याचा अंदाज

माझी आई पांढरकवड्याच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती स्टुलावर चढून जाळी काढायची. दोन वर्षांपूर्वी गव्हाचा डबा सरकवताना तिच्या पाठीत कळ आली. आठवडा झाला तरी थांबेना, म्हणून मी वणीहून रजा टाकून आले आणि तिला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. पाठीचा एक मणका दबलेला निघाला. मशीनवर हाडांची घनता मोजली. हाडं ठिसूळ झाली होती.

डॉक्टर तरुण होते. "पुढच्या दहा वर्षांत खुब्याचं हाड मोडण्याची शक्यता किती, ते बघू," म्हणाले आणि कॉम्प्युटरवरचे प्रश्न विचारू लागले. आईने सांगितलेली उंची मोजल्यावर तीन बोटं कमी भरली.

"तुमची पट्टी चुकली," आई म्हणाली.

"विडी, तंबाखू?"

"मी मास्तरीण होती."

"दारू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मीच लिहून दिल्यासारखं.

"आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता?"

"नाही."

आकडा आला. डॉक्टर तो समजावू लागले, तर तिने मध्येच थांबवलं.

"म्हणजे दहा वर्षं मी आहे."

"तसं नाही म्हणत, आजी."

"मंग दहा वर्षांचा हिशेब काहून करून राह्यले?"

डॉक्टर हसले. आई हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "थांबा. माह्या मायची कंबर गेलती."

ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होते. माझी आजी, आईची आई, गोठ्यात घसरली होती. हाडवैद्याने लेप लावला. आजी आठ महिने खाटेवर होती, मग गेली. एक्स-रे कोणी काढला नाही.

"पाय आखूड दिसत होता का? पंजा बाहेर वळलेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"मग तो खुबाच."

आई मांडीवरच्या पिशवीचा बंद ओढत राहिली. "मी शिकाले यवतमाळले होती. सुट्टीत घरी आली का तिले म्हणो, उठ, चालत जाय, तू आळस करतं. दर वेळी म्हणो."

डॉक्टरांनी 'नाही'चं 'हो' केलं.

"आकडा वाढला?" आईने विचारलं.

"वाढला."

घरी आल्यावर स्टूल तिने स्वतःच शेजारी देऊन टाकलं. सतरंज्या गुंडाळल्या. न्हाणीत धरायला दांडा बसवला, मोतीबिंदू काढून घेतला आणि वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन कुरकुर न करता घेतलं.

गेल्या हिवाळ्यात ती पोस्टाच्या पायरीवरून पडलीच. एक्स-रेत खुबा शाबूत होता. कोपर खरचटलं होतं.

"तुमचा आकडा चुकला," तिने डॉक्टरांना फोनवर सांगितलं. आकडा शक्यतेचा असतो, असं त्यांनी तिला बराच वेळ समजावलं. तिने ऐकून घेतलं.

तेव्हापासून ती गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरते, तुह्या मायची कंबर गेलती का? बहुतेक जणी विषय बदलतात. पाठीत वाकलेली समोरची बाई मात्र भाजी निवडता निवडता थांबली आणि "गेलती" म्हणाली. त्याच आठवड्यात दोघी बसने यवतमाळला गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला.

"तिचा आकडा माह्यापेक्षा जास्त निघाला," ती म्हणाली. "आता मी तिले सडा टाकू देत नाही. माह्यावर चिडून हाय."