तीट कुठे लावायची

बाळ कळवळून रडत होतं आणि माझ्या स्क्रीनवर ठोके होते एकशे बत्तीस. रडायला लागण्याआधीही एकशे बत्तीसच. रडणाऱ्या बाळाचे ठोके वाढतात, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. नर्सने स्टेथोस्कोप लावून मोजले, तर एकशे सत्तरच्या पुढे.

मी बायोमेडिकल इंजिनियर. हॉस्पिटलमधली मशीन्स बसवायची आणि ती बिघडली की बोलणी खायची, हे माझं काम. शहापूरच्या एका लहान हॉस्पिटलात आमच्या कंपनीची ट्रायल चालू होती. अंगाला काहीही न लावता, नुसत्या कॅमेऱ्याने ठोके मोजायचे. प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्त येतं आणि रंग किंचित बदलतो. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सगळ्यात चांगलं दिसतं कपाळावर.

ही मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मलेली. आई वैशाली, किन्हवलीची. बाळाची कातडी इतकी नाजूक, की वायरचा स्टिकर काढताना छातीचं सालटं निघालं होतं. कॅमेरा आला, वायरी निघाल्या आणि वैशालीला लेक पहिल्यांदा नीट उराशी धरता आली. पण अशी बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात, ठोके मंदावतात. तेव्हा अलार्म वाजलाच पाहिजे. आमचं मशीन तेव्हाही निवांत एकशे बत्तीस दाखवत बसलं असतं.

डॉक्टर मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. नाहीतर मी वायरी परत लावते.”

वैशालीने ते ऐकलं. तिने बाळाला जरा जास्तच घट्ट धरलं.

नर्स स्टेथोस्कोप घेऊन बाळापाशीच बसली आणि मी शोधाला लागले. कॅमेरा ठीक, केबल ठीक. मग बाळाची गुलाबी टोपी जरा मागे सरकवली. कपाळावर रुपयाएवढी काळीभोर तीट. त्या एवढ्याशा कपाळावर दुसरं काही उरलंच नव्हतं. सकाळपासून लाइट नव्हती, वॉर्ड जनरेटरवर चालला होता आणि दिवे कळेल न कळेल असे लुकलुकत होते. मी टोपी काढून एकटीच कॅमेऱ्यासमोर ठेवली. एकशे बत्तीस.

कपाळ सापडेना, तेव्हा सॉफ्टवेअरने टोपीवरची लुकलुक धरली होती. म्हणजे इतका वेळ आम्ही टोपीचे ठोके मोजत होतो. नर्सला हसू आलं. मला राग आला, आणि तो तीट लावणाऱ्यावर नव्हता.

कंपनीतल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, वॉर्डात बोर्ड लावा, काजळास मनाई. मी म्हटलं, नर्सची पाठ वळली की लावतील.

“आणि सर, खात्री नसेल तेव्हा मशीनने आकडा दाखवायचाच नाही. स्क्रीन रिकामा ठेवून अलार्म द्यायचा.”

“क्लायंटला रिकामा स्क्रीन आवडत नाही.”

“टोपीचे ठोके आवडतील?”

सरांनी एक सुस्कारा सोडला. मग म्हणाले, दुपारपर्यंत बदल करून पाठवतो.

तीट वैशालीच्या सासूने, ताराबाईंनी लावली होती. मी त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसले. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, “तो डोला दिसभर पोरीला टकामका बघतो. एवढं तर तिची आयस पण नाय बघत. नजर लागंल नाय तर काय?” शिवाय तिची उघडी छबी कुठे जाते, कोण बघतं, तेही त्यांना जाणून घ्यायचं होतं. प्रश्न रास्त होता. संमतीच्या कागदावर सुनेची सही होती, पण सासूला कुणी काही सांगितलंच नव्हतं. चित्र कॅमेऱ्याच्या पेटीतच पुसलं जातं, बाहेर जातो तो फक्त आकडा, हे मी त्यांना स्क्रीनपाशी नेऊन दाखवलं. मग तीट कपाळाला का नको, तेही सांगितलं.

“दुसरीकडे कुठे चालेल?” मी विचारलं.

“तलपायाला चालते,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून बघत, “पण तो पाय बघनार नाय ना, गो?”

नाही बघणार म्हटलं.

त्यांनी स्वतःच कपाळ पुसलं. दुपारनंतर नवं सॉफ्टवेअर चढवलं आणि टोपी पुन्हा समोर ठेवली. स्क्रीन रिकामा, अलार्म चालू. मग बाळ समोर घेतलं. आकडा आला, हलला, नर्सच्या मोजणीशी जुळला. मॅडमनी दोन्ही वेळा स्वतः पाहिलं आणि एक अट घातली, की नर्सने अधूनमधून स्टेथोस्कोपने पडताळायचंच. वायरी परत लागल्या नाहीत. पुढे एकदा ठोके खरंच मंदावले, तेव्हा अलार्म वाजला आणि नर्सने पाठ चोळताच बाळाने श्वास घेतला.

आता कुठल्याही वॉर्डात कॅमेरा बसवण्याआधी मी घरच्यांना विचारते, तीट कुठे लावता. बोर्डापेक्षा हे स्वस्त पडतं.

डिस्चार्जच्या दिवशी ताराबाई काजळाची डबी घेऊन कॅमेऱ्यापाशी गेल्या, तेव्हा मी धावलेच. पण त्यांनी बोट लेन्सच्या बरंच खाली, स्टँडच्या पायाला टेकवलं. म्हणाल्या, “येवढ्या पोरांना सांभालतो. त्याला पन कुनाची लागाया नको.”