सेत्सुकोचं तिसरं कडवं

अमेरिकेत, बॉथेलच्या सीनियर सेंटरमध्ये दर गुरुवारी गाण्यांचा तास असतो. गेली आठ वर्षं तिथे सेत्सुको माझ्या शेजारी बसते. ती शहाऐंशीची, मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. अमेरिकन नवऱ्याबरोबर ती १९६२ साली जपानहून बोटीने आली आणि पुढची चाळीस वर्षं तिने लोकांच्या पँटी आखूड करून दिल्या. अजूनही कोणी भेटलं, की ती आधी त्याच्या पँटची शिवण बघते.

तिचं एकच गाणं. जपानात ते सगळ्यांना येतं, असं ती सांगायची. आई ओढ्याच्या गार पाण्यात मुळे धुते आहे आणि दूर गेलेल्या मुलीला ते आठवतं आहे. गाणं दोन कडव्यांचं, पण सेत्सुको तीन म्हणायची. तिसरं तिच्या आईने स्वतः रचलं होतं, लेक बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी. ते कुठेही छापलेलं नाही.

गेल्या वर्षापासून तिचं विसरणं वाढलं. दोन कडवी झाली, की ती थांबायची आणि माझा हात घट्ट धरायची. "अजून आहे. आई अजून बोलते आहे." मग रडायची. तिची मुलगी जोआन हिला जपानी येत नाही. तिने इंटरनेट पालथं घातलं. दोनच कडवी मिळाली.

"मॉमने शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही," पार्किंग लॉटमध्ये ती मला म्हणाली.

नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला लॅटिन प्रार्थना गाव्या लागत. अर्थ कळत नसे, म्हणून आम्ही मुली त्या चोरून देवनागरीत उतरवून घ्यायचो. त्यातली एक ओळ माझी आई पोळ्या लाटताना गुणगुणायची, भलत्याच ठिकाणी श्वास घेऊन. ती सवय मला अजून आहे. कानावर पडलं ते लिहायचं.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "नेत्रा, क्लोजेटमधले डायऱ्यांचे खोके काढून दे गं."

"दरवर्षी रिसायकल करू या म्हणते, तर तुम्ही रुसता. आता काय हवंय, आई?"

"जपानी गाणं."

"यात?" ती हसत सुटली. पण चौथ्या खोक्यात तिलाच ते सापडलं. १४ मार्च २०१९, गुरुवार. वर हवामान, माझ्या गोळ्या, माझ्या मुलाचा, केदारचा, खोकला. खाली तिसरं कडवं, श्वासाच्या जागांवर खुणा करून.

पुढच्या गुरुवारी सेत्सुको दोन कडव्यांनंतर थांबली. तिने माझा हात शोधायच्या आत मी चष्मा सावरून सुरुवात केली. गाणं कसलं, वाचणंच ते. दुसऱ्या ओळीला तिने माझ्या मनगटावर टिचकी मारली.

"हळू. इथे आई हळू म्हणते."

मी हळू म्हणू लागले. शेवटची ओळ तिने माझ्याआधी म्हटली. मागे जोआन फोनवर रेकॉर्ड करत उभी होती.

सेत्सुको माझ्याकडे बघत राहिली. "हे फक्त माझ्या आईला येतं. तू भेटलीस तिला?"

साठ वर्षांत डायरीत मी एकही खोटी ओळ लिहिलेली नाही.

"भेटले," मी म्हणाले.

"कशी आहे?"

"बरी आहे. हात तेवढे फार गार पडलेत."

तिने माझे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेतले आणि चोळत राहिली.